बारा ते सतराचा श्रोता



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत दरवर्षी आठवी ते दहावीचे वर्ग स्वतःहून मागून घेत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. इतर शिक्षक ज्या वर्गांवर जायला कां-कूं करतात ते वर्ग त्यांना हवे असत. हे ऐकल्यावर विषयाचा शोध संपला. आज मी त्याच वयाबद्दल बोलणार आहे, आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ-टीव्हीनं या वयासाठी काय केलं आणि काय करायचं ठेवलं, त्याबद्दल.

माझं मुख्य उदाहरण ब्रिटनचं आहे. बीबीसीनं २००७ साली बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘बीबीसी स्विच’ या नावाखाली कार्यक्रमांची एक वेगळी शाखा सुरू केली. २०१०च्या अखेरीस ती बंद झाली. जेमतेम तीन वर्षांचं आयुष्य. जगातल्या सर्वांत अनुभवी सार्वजनिक प्रसारण संस्थेला हे वय सांभाळता आलं नाही. असं का झालं, हे आपण नीट बघितलं पाहिजे, कारण आपल्याकडे तर एवढाही प्रयत्न झालेला नाही.

थोडं मागून सुरू करतो. १९५७च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये संध्याकाळी सहा ते सात या वेळेत टीव्ही बंद असे. लहान मुलांना जेवू घालून झोपवायला आईबापांना तास मिळावा, एवढ्यासाठी. १६ फेब्रुवारी १९५७ रोजी, शनिवारी, हा नियम उठला आणि मोकळ्या झालेल्या वेळेत बीबीसीनं ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ लावला. सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू व्हायचा म्हणून ते नाव. जॅक गुड हा त्याचा तरुण निर्माता. वरिष्ठांना कार्यक्रमात थोडा खेळ, थोडी माहिती, थोडं संगीत असं सगळंच हवं होतं. गुडला हवी होती नाचणारी पोरं आणि वाजणारं संगीत. साहेबांना दाखवण्यापुरता तो सेट उभा करायचा आणि प्रक्षेपणाच्या ऐन वेळी तो बाजूला सारून मुलांची गर्दी कॅमेऱ्यासमोर आणायचा, असं सांगतात. हे फार काळ जमलं नाही. गुड निघून गेला आणि पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी वाहिनीवर त्यानं ‘ओह बॉय!’ उभा केला. मुलंही त्याच्यामागे तिकडे वळली.

पुढच्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९६४पासून ‘रेडिओ कॅरोलाइन’सारखी केंद्रं किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या जहाजांवरून पॉप संगीत वाजवू लागली. लाखो तरुण पोरं ते ऐकत होती. सरकारनं ऑगस्ट १९६७मध्ये कायदा करून ही केंद्रं बेकायदा ठरवली आणि ३० सप्टेंबरला बीबीसीनं ‘रेडिओ वन’ सुरू केला. बोटींवरचे कित्येक निवेदक तिथेच नोकरीला लागले. मुलं आधी दुसरीकडे जातात आणि सार्वजनिक संस्था मागाहून त्यांच्या पाठी धावते, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

एक सन्माननीय अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे. फेब्रुवारी १९७८मध्ये फिल रेडमंड या लेखकाची ‘ग्रेंज हिल’ ही मालिका सुरू झाली. लंडनमधली एक साधी सरकारी शाळा, तिथली दादागिरी, चोऱ्यामाऱ्या, मास्तरांशी वाद. पालकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. १९८६मध्ये या मालिकेतला झॅमो हा सगळ्यांचा लाडका मुलगा हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला, तोही मुलांच्या वेळेत, शाळेतून घरी आल्यावर बघायच्या कार्यक्रमात. आपल्या मुलांना हे कशाला दाखवता, असं विचारणारे तेव्हाही होते. बीबीसी मागे हटली नाही. वर्षानुवर्षं दहा-बारा-पंधरा वर्षांची मुलं एकाच पडद्यासमोर बसून आपल्या वयाच्या खऱ्या अडचणी बघत होती. सार्वजनिक प्रसारणाचं काम म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग २००२मध्ये मुलांसाठी दोन स्वतंत्र वाहिन्या आल्या. सहा वर्षांखालच्यांसाठी ‘सीबीबीज’ आणि सहा ते बारासाठी ‘सीबीबीसी’. कागदावर योजना नेटकी होती. पण बाराव्या वाढदिवसानंतर मुलानं कुठे जायचं? तरुणांसाठी पुढच्याच वर्षी आलेली ‘बीबीसी थ्री’ सोळाच्या पुढच्यांचा विचार करत होती. मध्ये चार-पाच वर्षांचं खिंडार पडलं. ‘सीबीबीसी’ लहानांची ठरल्यावर ‘ग्रेंज हिल’सुद्धा लहान वयाकडे ओढली गेली, आणि तीस वर्षं चाललेली ती मालिका २००८मध्ये बंद करण्यात आली.

हे खिंडार बुजवायला ‘स्विच’ आलं. ऑक्टोबर २००७पासून शनिवारी दुपारी ‘बीबीसी टू’वर काही तास, रविवारी संध्याकाळी ‘रेडिओ वन’वर काही तास, आणि बाकी सगळं इंटरनेटवर. जबाबदारी ‘रेडिओ वन’चे प्रमुख अँडी पार्फिट यांच्याकडे, त्यांच्या आधीच्या कामात भर म्हणून. या मांडणीकडे बघा. नाव स्वतंत्र आणि जागा सगळी दुसऱ्यांची. वाहिनी दुसऱ्याची, रेडिओ केंद्र दुसऱ्याचं, वेळ दुसऱ्यांकडून मागून घेतलेली, प्रमुखही दुसऱ्या कामातला. भाड्याच्या खोलीत दारावर आपल्या नावाची पाटी लावावी तसं हे होतं. मालकाला खोली हवी झाली की पाटी निघणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

तरीही त्या काळात काही अतिशय मोलाचं काम झालं, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

‘रेडिओ वन’वर रविवारी रात्री ‘द सर्जरी’ नावाचा कार्यक्रम होता. तो १९९९पासूनचा, ‘स्विच’नं तो आपल्या छत्राखाली घेतला. केली ऑझबर्न आणि नंतर एलेड हेडन जोन्स यांनी तो सादर केला. रचना अगदी साधी. स्टुडिओत एक निवेदक आणि एक डॉक्टर. मुलं फोन करायची, मोबाइलवरून संदेश पाठवायची. शरीरात होणारे बदल, पहिले संबंध, गर्भ राहण्याची भीती, दारू, वजन, आईबापांची भांडणं, परीक्षा, शाळेतला छळ, जगावंसं न वाटणं. डॉक्टर कुणालाही न हसता, न रागावता उत्तर द्यायचे. रविवारची रात्र का, हेही लक्षात घ्या. उद्या शाळा आहे, अंथरुणात पडल्यावर झोप येत नाही, आणि आठवडाभर टाळलेली काळजी त्याच वेळी डोकं वर काढते. ज्यानं ही वेळ निवडली त्याला मुलं कळत होती. फोन करणारं एक मूल असतं आणि आपापल्या खोलीत गुपचूप ऐकणारी हजारो असतात, ज्यांचा प्रश्न तोच असतो आणि विचारायचं धाडस नसतं. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीला हे तास विकता येत नाहीत. म्हणूनच ते सार्वजनिक पैशातून चालवायचे असतात.

दुसरं उदाहरण ‘चार्टजॅकर्स’. २००९च्या शरदात यूट्यूबवर स्वतःचे व्हिडिओ टाकणाऱ्या चार तरुण मुलांना दहा आठवडे देण्यात आले. या मुदतीत प्रेक्षकांच्या मदतीनं एक गाणं करायचं आणि ते विक्रीच्या यादीत चढवायचं. शब्द प्रेक्षकांनी लिहून पाठवलेल्या ओळींतून जुळवले, चाल प्रेक्षकांपैकीच कुणाची तरी निवडली, गाणारेही तसेच शोधले. नोव्हेंबरमध्ये ‘आयव्ह गॉट नथिंग’ हे गाणं बाहेर आलं आणि ब्रिटनच्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत पोचलं. मिळालेले पैसे बीबीसीच्याच ‘चिल्ड्रन इन नीड’ या मुलांसाठीच्या मदतनिधीला गेले. गाणं काही फार थोर नव्हतं. पण ते कसं तयार होतं, कोण काय ठरवतं, पैसा कुठून कुठे जातो, हे हजारो मुलांनी आतून बघितलं आणि स्वतः हात लावून बघितलं. यूट्यूबला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. मुलं उद्या कुठे असतील हे ‘स्विच’मधल्या लोकांना दिसलं होतं.

मार्च २०१०मध्ये बीबीसीचे महासंचालक मार्क थॉम्पसन यांनी संस्थेच्या कामाची फेरआखणी मांडली. खर्च आवरायचा होता, पसारा कमी करायचा होता. बंद करायच्या यादीत चार नावं होती. ‘सिक्स म्युझिक’ हे संगीताचं रेडिओ केंद्र, ‘एशियन नेटवर्क’ हे आणखी एक रेडिओ केंद्र, ‘स्विच’, आणि मुलांना कला शिकवणारा ‘ब्लास्ट’ हा उपक्रम. किशोरवयीनांचं काम ‘चॅनल फोर’ आणि इतर वाहिन्या अधिक चांगलं करतात, तेव्हा ते त्यांच्याकडे असावं, असं कारण दिलं गेलं. त्याच वर्षीच्या एका कायद्यानं मोठ्या मुलांसाठी कार्यक्रम करण्याची जबाबदारी ‘चॅनल फोर’वर टाकलीही. ‘चॅनल फोर’ सार्वजनिक मालकीची असली तरी जाहिरातींवर चालते. रविवारी रात्री डॉक्टरला बसवून ठेवणं तिच्या हिशोबात कितपत बसणार?

यादी जाहीर झाल्यावर काय झालं ते बघण्यासारखं आहे. ‘सिक्स म्युझिक’साठी लोक उठले. निदर्शनं झाली, पत्रं गेली, वर्तमानपत्रांत स्तंभ आले, डेव्हिड बोवीसारख्या गायकानं पाठिंबा दिला. एरवी कमी श्रोते म्हणून हिणवलेल्या त्या केंद्राचे श्रोते या गोंगाटात दहा लाखांच्या पुढे गेले. जुलैमध्ये संस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टनं ते बंद करायला नकार दिला. ‘एशियन नेटवर्क’ही पुढे वाचलं. ‘स्विच’ डिसेंबरमध्ये मिटलं, ‘ब्लास्ट’ही वाचला नाही.

‘सिक्स म्युझिक’चे श्रोते तिशी-चाळिशीचे होते. त्यांच्यात पत्रकार होते, संगीतकार होते, बीबीसी ज्यावर चालते ते टीव्हीचं परवानाशुल्क भरणारे कुटुंबप्रमुख होते. चौदा वर्षांच्या मुलीला मत नाही, परवानाशुल्क तिच्या नावावर नाही, संपादकाशी ओळख नाही. शिवाय या वयाची आणखी एक अडचण आहे, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. या सेवेची ज्याला गरज असते तो चार-पाच वर्षांत मोठा होऊन निघून जातो. संगीताच्या केंद्राचा श्रोता वीस वर्षं टिकतो, त्याला आठवण असते, निष्ठा असते, तो भांडतो. किशोरांच्या कार्यक्रमाचा श्रोता सतत नवा असतो. आपल्या आधीच्या मुलांना काय मिळत होतं हे त्याला ठाऊकच नसतं, त्यामुळे काय गेलं हेही कळत नाही. अशा श्रोत्याची बाजू संस्थेनं आपणहून घ्यायची असते. बाहेरून दबाव येईल याची वाट बघितली तर तो कधीच येणार नाही.

आता याच्या उलट उदाहरण, नॉर्वेचं. ‘एनआरके’ ही तिथली सार्वजनिक संस्था, आणि तिची ‘पी-थ्री’ ही तरुणांसाठीची शाखा. सोळा वर्षांच्या मुली आपल्याकडे फिरकत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. मग ज्यूली आंडेम या दिग्दर्शिकेनं अनेक महिने देशभर फिरून मुलामुलींशी बोलून घेतलं. तुम्हाला काय बघायला आवडेल, एवढ्यावर हा शोध थांबला नाही. तुमचं कुठे दुखतं, हेही जाणून घेतलं. सगळीकडे चांगलं दिसायचं, चांगलं करायचं याचा जबरदस्त ताण आहे, हे उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं. त्यातून सप्टेंबर २०१५मध्ये ‘स्काम’ ही मालिका आली.

तिची जाहिरात जवळजवळ केली नाही, मोठ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. ऑस्लोच्या एका शाळेत घडणारी गोष्ट, आणि प्रसंग ज्या दिवशी, ज्या वेळी घडतो त्याच वेळी त्याची छोटी चित्रफीत संकेतस्थळावर यायची. शुक्रवारी रात्री पार्टी असेल तर शुक्रवारी रात्री. पात्रांचे आपसांतले संदेश, त्यांचे फोटो वाचायला मिळायचे. दुसऱ्या पर्वात नोरा नावाच्या मुलीवर वाईट वेळ येते. एका रात्री आपल्या बाबतीत काय घडलं ते तिला नीट आठवत नाही, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे तिचे फोटो आहेत. ती मोडून पडते, मैत्रिणी तिला धरून ठेवतात, आणि शेवटी ती त्या मुलाला भेटून तोंडावर सांगते की अल्पवयीन मुलीचे असे फोटो बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्याला अमुक शिक्षा आहे. सोळा वर्षांच्या प्रेक्षक मुलीला कायदा समजला, धीर मिळाला आणि मैत्रीण कशी असावी हेही दिसलं. पडद्यावर कुणी उपदेश केला नाही. तिसऱ्या पर्वात समलिंगी मुलगा, चौथ्यात हिजाब घालणारी साना. डेन्मार्क-स्वीडनची मुलं ही मालिका बघून नॉर्वेजियन शब्द बोलू लागली. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये तिच्या आवृत्त्या निघाल्या, आणि जर्मन आवृत्ती काढली ‘फुंक’नं. तिथल्या दोन सार्वजनिक संस्थांनी १४ ते २९ वयासाठी २०१६मध्ये खास उभारलेली, स्वतंत्र अंदाजपत्रक असलेली ही शाखा. यश मिळत असतानाच, जून २०१७मध्ये, चौथ्या पर्वाबरोबर ‘स्काम’ थांबली.

म्हणजे काम अशक्य नव्हतं. मुलीशी बोलायला संस्था आधी तिच्यापर्यंत चालत गेली, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे वळतो. दिल्ली आकाशवाणीवर जुलै १९६९मध्ये ‘युववाणी’ सुरू झाली आणि मग इतर केंद्रांवर पसरली. आमच्या पिढीतले अनेक लेखक, निवेदक, प्राध्यापक पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर बसले ते ‘युववाणी’तच. आधी संहिता द्यायची, करारपत्रावर सही करायची, लाल दिवा लागला की घसा साफ न करता वाचायला लागायचं. स्टुडिओचं जड दार बंद झाल्यावर जी शांतता पसरते ती अजून आठवते. त्या संधीबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण ती होती बोलू शकणाऱ्यांसाठी, आणि बहुतेक सारी कॉलेजातल्यांसाठी. नववीतली मुलगी तिथे पोचत नव्हती, आणि घरात विचारता न येणारे प्रश्न तिथेही विचारले जात नव्हते.

विशेष म्हणजे आपल्या कायद्यात हे कर्तव्य लिहिलेलं आहे. १९९०च्या प्रसार भारती कायद्याच्या बाराव्या कलमात युवकांच्या विशेष गरजा लक्षात घेऊन योग्य कार्यक्रम देणं हे महामंडळाचं काम सांगितलं आहे. ब्रिटनमध्ये प्रयत्न झाला आणि आधार नसल्यानं तुटला. आपल्याकडे आधार आहे आणि त्यावर काही उभं नाही. कायद्यात ‘युवक’ म्हटलं की पंधरा वर्षांचा आणि तिशीचा एकाच रांगेत येतात, आणि रांगेत नेहमी तिशीचाच पुढे असतो.

मराठीत सरकारी पैशावर या वयाचं काही टिकतच नाही, असं कुणी म्हणू नये. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू झालं आणि पन्नाशी ओलांडून चालू आहे. तालुक्याच्या शाळेतल्या मुलांनाही ते परवडतं. मराठीतल्या नामवंत लेखक-चित्रकारांनी त्यासाठी काम केलं आहे. ते टिकलं, कारण त्याला पुण्यात पत्ता आहे, फक्त त्याच कामाचा संपादक आहे, आणि महिना संपला की अंक निघालाच पाहिजे ही शिस्त आहे. ‘स्विच’कडे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून माझं मागणं मोठ्या वाहिनीचं नाही. आकाशवाणीच्या पुणे, नागपूर, सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरी अशा केंद्रांनी मिळून रविवारी रात्री एक तास द्यावा. तासाला एक डॉक्टर, एक वकील आणि मुलांशी बोलता येणारा एक निवेदक असावा. विचारणाऱ्याचं नाव घेऊ नये. मुलं संदेशातून विचारतील, त्यांच्या बोलीत विचारतील. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत विचारतील, ती भाषा सुधारत बसू नये. तोच तास फोनवर केव्हाही ऐकता यावा, कारण घरातला रेडिओ संच बहुतेकांकडे उरलेला नाही. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२चा कायदा आपल्याकडे आहे, आणि त्यात आपल्यासाठी काय आहे हे ज्यांच्यासाठी तो केला त्या मुलांनाच माहीत नसतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक १९९६मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. तो प्रत्येक कार्यक्रमात सावकाश, दोनदा वाचला जावा. या तासासाठी एक माणूस पूर्णवेळ नेमावा आणि त्याच्यावर दुसरं काम टाकू नये. आणि दरवर्षी त्यानं चार जिल्ह्यांतल्या चार शाळांत जाऊन बसावं, आधी ऐकून घ्यावं, मग कार्यक्रम आखावा.

खर्च विचाराल तर स्टुडिओ आहेत, प्रक्षेपक आहेत, अभियंते आहेत. नवीन लागतो तो एक पगार, तज्ज्ञांचं मानधन आणि एस.टी.चं भाडं. हे मागायला मुलं येणार नाहीत, हे ‘स्विच’च्या बाबतीत आपण बघितलंच. मागायचं तुम्ही-आम्ही आहे. संयोजकांनी अशा अर्थाचं एक निवेदन तयार केलं आहे, ते बाहेर टेबलावर ठेवलेलं आहे.

आता प्रश्नोत्तरं. मागच्या चार रांगांत इथल्या शाळांची नववी-दहावीची मुलं बसली आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करू. ज्यांना उभं राहून विचारायचं नसेल त्यांनी कागदावर लिहून पुढे पाठवावं, नाव लिहू नये.